घराबाहेरच्या सीसीटीव्ही केबलिंगबद्दल सोलापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि होटगी रोडकडचे बंगले, पूर्वभागातली खाली माग आणि वर बिऱ्हाड असलेली घरं, पेठांमधले जुने दगडी वाडे. प्रश्न कुठूनही येवोत, फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. कुठल्या कंपनीचा कॅमेरा घ्यावा याचं उत्तर इथे मिळणार नाही. "कॅमेरा गेला" म्हणून जी तक्रार येते, तिच्यात कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. गेलेली असते वायर, आणि त्यातही वायरचा जोड. उत्तरात "प्र. ७ बघा" असं लिहिलेलं दिसलं तर ते जरूर बघा, कारण तीच गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही.

१. बाहेरच्या कॅमेऱ्याला नेमकी कुठली केबल लागते?

कॅमेरा कुठल्या जातीचा आहे त्यावर ते ठरतं. डीव्हीआरवर (रेकॉर्डिंगच्या पेटीवर) चालणाऱ्या एचडी कॅमेऱ्याला कोअॅक्स केबल लागते. बाजारात ती "३+१" या नावाने मिळते: मध्ये चित्राची एक कोअॅक्स आणि तिच्यासोबत तीन बारीक तारा, ज्यांतून १२ व्होल्ट जातात. ९० आणि १८० मीटरची बंडलं येतात. एनव्हीआरवर (नेटवर्कवरून रेकॉर्डिंग घेणाऱ्या पेटीवर) चालणाऱ्या आयपी, म्हणजे नेटवर्कच्या, कॅमेऱ्याला कॅट-६ केबल लागते. पीओई स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे येतात आणि जी केबलमधूनच वीजही पाठवते ती पेटी) असेल तर त्याच एका केबलमधून चित्र येतं आणि वीजही जाते. हिचा डबा ३०५ मीटरचा असतो, सुटी मीटरवरही मिळते.

नवीन घर बांधत असाल तर माझं स्पष्ट मत कॅट-६ च्या बाजूने आहे. कॅमेरे पाच-सात वर्षांनी बदलले जातात, भिंतीतली केबल कुणी बदलत नाही.

२. वायफाय कॅमेरा घेतला तर वायरची कटकटच नको ना?

चित्राची वायर वाचते, विजेची वाचत नाही. उलट त्या कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर बाहेरच्या प्लगमध्ये, पावसात-उन्हात लटकत राहतो आणि तोच आधी जातो. अॅडॉप्टर घरातच ठेवा आणि कमी व्होल्टेजची वायर बाहेर न्या. भोक आणि पाईप यांचे नियम तिलाही तेच (प्र. ५ आणि ६).

३. दुकानदार "प्युअर कॉपर" म्हणतो. खरं-खोटं कसं ओळखायचं?

एक तार सोला आणि ब्लेडने तिचा पृष्ठभाग खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ज्याला बाजारात सीसीए म्हणतात. कोअॅक्सच्या मधल्या तारेला लोहचुंबकही लावून बघा. चिकटलं तर आत पोलाद आहे. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, म्हणून नुसत्या चुंबकावर विसंबू नका.

पक्की परीक्षा मल्टीमीटरची. कॅट-६ मधल्या एका तारेचा रोध १०० मीटरला ९.३८ ओहमच्या वर जाता कामा नये, असं त्या केबलचं मानकच आहे. म्हणजे ३०५ मीटरच्या भरल्या डब्यात एका तारेचं एक टोक ते दुसरं टोक मोजलं तर आकडा साधारण २८ च्या आतच यायला हवा. सीसीएत तो सहज चाळिशीकडे जातो. दुकानात डबा न उलगडता हे मोजता येतं, कारण दोन्ही टोकं बाहेर काढता येतात. दुकानदार मोजू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

सीसीए इतकी का टाळायची? पीओईमध्ये तीच तार वीज वाहते. रोध जास्त म्हणजे तार तापते आणि शेवटच्या कॅमेऱ्याला वीज कमी पडते. शिवाय ॲल्युमिनियमची बारीक तार दोन-चार वेळा वाकवली की तुटते, आणि कनेक्टरच्या तोंडाशी ती वाकतेच.

४. पांढरी केबल बाहेर भिंतीवरून नेली तर चालते का?

आपल्या गावात नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीला दुपारी दोनपासून थेट ऊन असतं. घरातल्या वापरासाठी केलेल्या पांढऱ्या-राखाडी पीव्हीसी आवरणातलं मऊपण उन्हाने निघून जातं. दोनेक उन्हाळ्यांत ते पिवळं पडतं, मग बोटाने वाकवलं की तडकतं. त्या तडीतून सप्टेंबरच्या पावसाचं पाणी आत शिरतं. आपल्याकडे परतीचा पाऊस जोराचा असतो, आणि "उन्हाळाभर चालू होता, आता बंद पडला" अशा तक्रारी नेमक्या तेव्हाच येतात.

बाहेरच्या वापराची केबल काळी असते, पॉलिथिलीन आवरणाची. त्यात मिसळलेली काजळी ऊन अडवते. ती मिळाली नाही तर साधी केबल पूर्णपणे पाईपमध्ये घाला. केबल टायसुद्धा काळेच घ्या. पांढरे टाय उन्हात तुटून केबल लोंबकळायला लागते.

५. पाईप कुठला, केवढा? आणि काळी केबल घेतली तरी पाईप लागतोच का?

काळी केबल छज्जाखाली, हाताला न लागेल अशा उंचीवर सॅडलने मारली तर पाईपशिवाय चालते. माणसाचा हात पोचतो तिथे मात्र पाईप हवाच, नाहीतर चोर आधी वायर कापतो.

आयएसआय छाप असलेला, जाड भिंतीचा पीव्हीसी पाईप घ्या. दोन केबलसाठी २० मिमी, तीन-चारसाठी २५ मिमी. पाईप गच्च भरू नका. निम्म्याहून कमी भरलेला असेल तर उद्या आणखी एक केबल ओढता येते. ओढताना जोर बेताचा ठेवा. कॅट-६ ला साधारण ११ किलोपेक्षा जास्त ताण सोसत नाही. आतल्या जोड्यांचा पीळ सैल होतो आणि केबल वरून धडधाकट दिसूनही चित्र अडखळतं. काटकोनी एल्बोऐवजी गोल बेंड वापरा.

उभ्या पाईपचं वरचं तोंड आभाळाकडे उघडं ठेवणं ही इथे सर्रास दिसणारी चूक आहे. वर बेंड लावून ते तोंड खाली वळवा आणि पाईपच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ४-५ मिमीचं एक भोक ठेवा. पाईपमध्ये पाणी येतंच, बाहेरून नाही आलं तर आतल्या दमट हवेतून धरतं. त्याला जायला वाट हवी.

६. भिंतीला भोक कसं पाडायचं? पावसाळ्यात त्याच भोकातून घरात पाणी येतं.

भोक आतून बाहेर उतरतं ठेवा. आतलं तोंड वर, बाहेरचं खाली. नऊ इंची भिंतीत अर्धा-पाऊण इंच उतार पुरतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे केबल भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या. पावसात उभं राहून एकदा नीट बघा: थेंब केबलवर पडतो, केबलच्या पोटाशी येतो आणि तिला धरूनच पुढे सरकत जातो. केबल वरून सरळ भोकात उतरत असेल तर तो थेंबही तिच्यासोबत आत जातो. केबल भोकाच्या चार-सहा बोटं खाली येऊन मग वर वळून आत शिरत असेल, तर थेंब त्या झोळाच्या तळाशी थांबतो आणि तिथूनच गळून पडतो. एवढ्या एका वळणाने जे काम होतं ते ट्यूबभर सिलिकॉनने होत नाही. सिलिकॉन नंतर, बाहेरच्या तोंडाला.

नुसती केबल न्यायची तर १० मिमीचं भोक पुरतं आणि कनेक्टर आत-बाहेर गेल्यावर लावता येतो. तयार कनेक्टरसकट केबल असेल तर १६ मिमीचं लागतं. जुन्या दगडी घरांत काळ्या दगडावर ड्रिल घासत बसू नका. दोन दगडांमधल्या सांध्यातून जा. आणि गच्चीच्या स्लॅबला कधीही भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटतं. कठड्याच्या उभ्या भिंतीतून जा.

७. कॅमेऱ्यामागे वायरींचा गुच्छ लोंबतो. तो तसाच ठेवला तर काय होतं?

मी जेवढे "मेलेले" कॅमेरे उघडून बघितले, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं याच गुच्छात होतं. कॅमेऱ्यातून वीतभर शेपटी येते, तिच्या टोकाला कनेक्टर असतात आणि ते भिंतीवर उघड्यावर राहतात. आरजे-४५ (कॅट-६ च्या टोकाचा) कनेक्टर काढून उजेडात धरा: आठ सोनेरी पट्ट्यांपैकी एक-दोन काळ्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या मुळाशी हिरवट-पांढरी पूड जमलेली असते. ओलाव्यात वीज वाहत राहिली की धातू नुसता गंजत नाही, खाल्ला जातो. पीओईत वीज त्याच पट्ट्यांतून जाते, म्हणून तिथे हे लवकर होतं.

कॅमेरा थेट भिंतीवर न मारता त्याच्या मापाचा जंक्शन बॉक्स आधी मारा आणि सगळे कनेक्टर त्यात घ्या. आयपी-६५ किंवा त्याच्या वरचा दर्जा बघा (हा धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा, आयपी कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नाही). केबल बॉक्समध्ये खालून घ्या, वरून किंवा बाजूने नको, आणि ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी फिरकी) आवळा. कॅमेऱ्यासोबत खोक्यात आरजे-४५ चं जलरोधक टोपण येतं, ते बरेचदा खोक्यासकट फेकलं जातं. मिस्त्रीकडे ते मागा. बीएनसी (कोअॅक्सचा कनेक्टर) आणि डीसी (विजेच्या) पिनेला टोपण नसतं. त्यांच्यावर स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळा. काळा इन्सुलेशन टेप उन्हात डिंकासारखा होऊन सुटतो.

सिलिकॉनबद्दल एक जपून सांगायचं आहे. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं. काच-टाइल्ससाठी ते ठीक. कनेक्टरजवळ मात्र "न्यूट्रल" लिहिलेलंच वापरा.

८. दिवसा सगळं छान दिसतं, अंधार पडला की कॅमेरा बंद-चालू होतो. कॅमेरा खराब आहे का?

बहुधा नाही. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त वीज मागतो. बारीक वायर ती पोचवू शकत नाही.

हिशोब साधा आहे. समजा ३+१ मधली विजेची तार २४ गेजची, चांगल्या तांब्याची आहे. तिचा रोध मीटरला ०.०८४ ओहम. कॅमेरा ४० मीटरवर; वीज जाते आणि परत येते, म्हणजे ८० मीटर, एकूण ६.७ ओहम. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेतो तेव्हा १.३ व्होल्ट वाटेत गळतात. रात्री ०.५ घेतो तेव्हा ३.४ व्होल्ट गळतात आणि कॅमेऱ्याला १२ ऐवजी ८.६ मिळतात. तो बंद पडतो, दिवे विझतात, व्होल्टेज वर येतं, पुन्हा चालू होतो. रात्रभर हेच चालतं. तार सीसीए असेल तर हे २५ मीटरवरच होतं.

उपाय म्हणजे विजेसाठी वेगळी १ चौ. मिमीची तांब्याची दोन-कोर वायर न्या (तेवढ्याच अंतरावर गळती ०.७ व्होल्टवर येते), किंवा एसएमपीएस (१२ व्होल्ट देणारी विजेची पेटी) कॅमेऱ्यांच्या जवळ, छताखालच्या बंद डब्यात आणा. पीओईत हा त्रास फारसा होत नाही, कारण तिथे ४८ व्होल्टच्या आसपास वीज जाते आणि तेवढ्याच वॅटला करंट चौथा हिस्सा लागतो.

९. कॅट-६ किती लांब नेता येते?

स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटर, भिंतीतली चढ-उतार धरून. काही पीओई स्विचवर २५० मीटरचं बटण असतं. त्यावर वेग १० एमबीपीएसवर उतरतो, एका कॅमेऱ्याला ते चालून जातं. त्यापुढे ऑप्टिकल फायबर.

१०. लाइटच्या वायरच्या पाईपमध्ये जागा आहे. त्यातूनच ओढली तर?

नाही. २३० व्होल्ट आणि कॅमेऱ्याची वायर एका पाईपमध्ये कधीच नको, मग मिस्त्री कितीही आग्रह करो. लाइटच्या वायरचं आवरण फुटलं की वीज थेट डीव्हीआरच्या पेटीत आणि तिथून तुमच्या हातात येते. समांतर नेताना फूटभर अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्वभागातून "चित्रात आडवे पट्टे सरकतात" अशी तक्रार येते. मागाच्या मोटारींच्या वायरीला खेटून कोअॅक्स गेलेली असते. कॅमेरा बदलण्याआधी दोन्ही वायरी वेगळ्या करून बघा.

११. कूलरच्या खिडकीतून केबल आत घेतली तर भोक वाचेल ना?

भोक वाचेल, केबल नाही. कूलरच्या भोवती उन्हाळाभर ओल असते, आपल्या जड पाण्याचे पांढरे थर बसतात, आणि कूलरला हात लावताना केबल ओढली जाते.

१२. वळवाचा पाऊस झाला आणि एका झटक्यात चार कॅमेरे आणि डीव्हीआर गेला. काय करायला हवं होतं?

वीज घरावर पडावी लागत नाही. आसपास पडली तरी उघड्यावरच्या लांब तारेत झटका उठतो आणि तो तारेच्या दोन्ही टोकांना धावतो. गच्चीवरच्या लोखंडी खांबावरचा कॅमेरा यात पहिला सापडतो.

घराचं अर्थिंग आधी तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन सुकते तशी ते कमजोर होतं, म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. गच्चीवरून किंवा अंगणातून येणाऱ्या प्रत्येक केबलला सर्ज प्रोटेक्टर (झटका जमिनीकडे वळवणारं उपकरण) लावा आणि त्याची हिरवी तार खरोखर अर्थला जोडा. न जोडलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसती डबी. थेट पडलेल्या विजेपुढे यातलं काहीच टिकत नाही. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर मात्र फायबरच टाका. ते काचेचं असतं, झटका वाहत नाही, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरकही उपकरणांपर्यंत पोचत नाही.

१३. गेटवर कॅमेरा हवा आहे. जमिनीखालून केबल कशी न्यायची?

मुरमाची जमीन असेल तर काम सोपं. काळी माती असेल तर तिचा स्वभाव ओळखून काम करा. मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. या हालचालीत पीव्हीसी पाईपचे सांधे उखडतात. म्हणून जोड नसलेला, वेटोळ्यातून येणारा एचडीपीई पाईप घ्या, ३२ मिमीचा. दीड ते दोन फूट खोल चर, खाली-वर वाळूचा थर, वर माती, आणि मातीत निम्म्यावर एक रंगीत पट्टी, म्हणजे पुढे झाड लावताना कुदळ थांबेल. दोन्ही टोकांना मीटर-दीड मीटर केबल जास्तीची ठेवा.

पाईपमध्ये पाणी जाणारच असं धरून चाला आणि आत बाहेरच्या वापराचीच काळी केबल घाला. जेली भरलेली मिळाली तर उत्तम. पाण्याच्या नळाच्या चरातून नेऊ नका. नळ दुरुस्तीला कधी ना कधी उकरला जातोच. २३० व्होल्टबद्दल प्र. १० बघा.

१४. उंदीर आणि खारी केबल कुरतडतात. औषध आहे का?

औषधाच्या नादी लागू नका. पाईपची दोन्ही तोंडं स्टीलच्या जाळीने किंवा घासणीच्या तारेने बंद करा. घूस असलेल्या अंगणात एचडीपीईऐवजी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप किंवा आर्मर्ड (आवरणात धातूचं चिलखत असलेली) केबल.

१५. रस्त्यापलीकडच्या दुकानातला कॅमेरा घरून बघायचा आहे. वरून वायर टाकू का?

महावितरणच्या खांबाला वायर बांधायची नाही, कितीही जणांनी बांधलेली दिसली तरी. त्याने जीव जाऊ शकतो, तुमचा आणि खांबावर चढणाऱ्या लाइनमनचाही. सार्वजनिक रस्ता ओलांडायला महापालिकेची परवानगी लागते. शहराच्या जुन्या भागात आणखी एक गोष्ट आहे: संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि त्या उंच काठ्यांच्या वाटेत आडवी वायर असता कामा नये.

दुकानात इंटरनेट असेल तर तिथलं रेकॉर्डिंग तिथेच ठेवा आणि मोबाइलवर बघा. नसेल आणि दोन्ही गच्च्या एकमेकींना दिसत असतील, तर बिनतारी जोडीची दोन उपकरणं समोरासमोर लावा.

१६. शेजारी म्हणतात, आमच्या भिंतीवरून वायर नेऊ नका. आणि कॅमेऱ्यात आमचं अंगण दिसतं.

भिंत त्यांची, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. सामाईक भिंत असली तरी आधी विचारा. कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्या खिडकीकडे किंवा न्हाणीकडे नको. कुणा स्त्रीचे खाजगी क्षण टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत नको तो भाग काळा करायची सोय असते. ती लावा आणि शेजाऱ्यांना घरी बोलावून स्क्रीनवर दाखवा. भांडण तिथेच मिटतं.

१७. वायर कमी पडली. मध्ये जोड देऊ का?

बाहेर नको. जोड द्यायचाच तर तो घरात किंवा बंद जंक्शन बॉक्समध्ये. कॅट-६ ला पिळून टेप मारलेला जोड चालतच नाही, कपलर (दोन टोकं जोडणारा तयार सांधा) लावा.

१८. काम झालं. मिस्त्रीला पैसे देण्याआधी काय बघू?

रात्री बघा, सगळ्या कॅमेऱ्यांचे दिवे लागलेले असताना (प्र. ८). आयपी असेल तर स्विचवर प्रत्येक कॅमेऱ्याचा वेग १०० एमबीपीएस दाखवतो का ते विचारा. २५० मीटरचं बटण (प्र. ९) दाबलेलं नसताना १० दाखवत असेल तर क्रिम्पिंग (कनेक्टर दाबून बसवणं) सदोष आहे किंवा ताण बसला आहे. शिडीवर चढून एक तरी बॉक्स उघडायला लावा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलेलं असावं. प्लास्टरखाली गेलेल्या पाईपचे फोटो, टेपने माप धरून, आधीच काढून ठेवा.

१९. घरात जुनी कोअॅक्स आहे. ती न काढता आयपी कॅमेरे लावता येतील का?

येतील, पण सगळीकडे नाही. कोअॅक्सवरून नेटवर्कचा सिग्नल नेणारे जोडीचे कन्व्हर्टर मिळतात. काही पीओईसुद्धा पुढे पाठवतात. दर कॅमेऱ्यामागे एक जोडी लागते, म्हणून जिथे भिंत फोडता येत नाही तिथेच ते परवडतं. आधी जुन्या कोअॅक्सची मधली तार प्र. ३ प्रमाणे तपासा. पोलादी निघाली तर पीओई विसरा. पाईप मोकळा असेल तर सरळ उपाय असा: जुन्या कोअॅक्सच्या टोकाला नवी कॅट-६ आणि सोबत एक नायलॉनची दोरी घट्ट बांधा, एकाने पलीकडून जुनी ओढायची, दुसऱ्याने इकडून नवी सोडायची. दोरी पाईपमध्ये तशीच राहू द्या.